बाटलीवरील ‘डाएट’ आणि आपले आरोग्य
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा थंड पेयाची इच्छा होणे स्वाभाविकच आहे. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. ती टाळण्यासाठी अनेकजण ‘डाएट’ पेयाकडे वळतात. त्यातील अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज यांसारख्या कृत्रिम गोडव्यांमुळे रक्तातील साखर लगेच वाढत नाही, हे खरे. परंतु हे वजन घटविण्याचे औषध नव्हे. दीर्घकालीन लाभ न आढळल्याने जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन-नियंत्रणासाठी असे गोडवे न वापरण्याचा सल्ला दिला. तो मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींच्या आप्तांनी एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णास घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर रक्तातील साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी डाएट पेय निरुपयोगी ठरते. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. भामरागड, एटापल्लीसारख्या दुर्गम भागांत वाट लांबची असते; तेथे घरातील माणसांचे हे ज्ञानच प्राण वाचवू शकते.

तहानेला पाणी आणि साखर न घातलेले ताक हेच उत्तम, असे आम्ही आपणांस आग्रहाने सांगतो.