आजींच्या सोबतीला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला जो विषय लिहून दिला तो असा : 'वृद्धांसाठी सामाजिक उपक्रम व साह्य'. विषय मोठा भारदस्त आहे. चिठ्ठी वाचली तेव्हा मला वाटले, यावर बोलायला एखादा मंत्री नाहीतर प्राध्यापक बोलवायला हवा. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या मंगळवारच्या वहीतलेच सांगा." तेवढे मला जमण्यासारखे आहे. गेली सहा वर्षे आम्ही चौघीजणी मंडळाच्या वतीने दर मंगळवारी दुपारी आळीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जातो, पडेल ते काम करतो आणि काय केले ते वहीत मांडून ठेवतो. आज बोलणार आहे ते त्या वहीतले.

वृद्धांचा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वृद्धाश्रम उभा राहतो, आणि मग कलियुग, आजकालची मुले वगैरे गोष्टी सुरू होतात. आमच्या वहीत आजमितीला 41 नावे आहेत. त्यांतील एकही बाई वृद्धाश्रमात गेलेली नाही. कोणी मुलाच्या घरी आहे, कोणी नवऱ्यामागे एकटी आहे, तिघींची मुले परदेशी आहेत. साऱ्या आपापल्या घरात आहेत. तेव्हा मदत पोचवायची ती घराच्या उंबऱ्यापर्यंतच, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडे बायकांसाठी संस्था निघाल्या त्या तरुण बाईसाठी निघाल्या. 1896 साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तो कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुलींसाठी. 1909 साली रमाबाई रानड्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले तेही बाईला शिकवून तिच्या पायांवर उभे करण्यासाठी. ते काम झाले म्हणून तर आज मी येथे उभी राहून बोलते आहे. पण आता बायका पुष्कळ जगू लागल्या. 2011 च्या शिरगणतीत साठीच्या पुढची माणसे 10 कोटी 38 लाख भरली आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका अधिक. आपल्या आळीत डोळ्यांनी पाहिले तरी तेच दिसते. सत्तरीच्या पुढे आजोबा एक असले तर आज्या तीन.

सरकार यांच्यासाठी काहीच करीत नाही असे मी म्हणणार नाही. करते, मात्र सरकारच्या लेखी म्हातारपण एकदम येत नाही, पायरीपायरीने येते. कायद्याने बाई साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक होते. गरीब घरच्या बाईला श्रावणबाळ योजनेचे पैसे हवे असतील तर पासष्ट पुरी व्हावी लागतात. 2024 साली राज्यसरकारने चष्मा, कानाचे यंत्र, काठी अशा वस्तूंसाठी एकवार 3,000 रुपये देणारी वयोश्री योजना काढली, तिलाही पासष्टच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दवाखान्याच्या 5 लाखांच्या आयुष्मान कार्डाला सत्तर लागतात. तेथे उत्पन्न मात्र विचारीत नाहीत. आणि एस्टीने फुकट जायचे तर पंचाहत्तर. 2023 पासून सगळ्याच बायकांना एस्टीत अर्धे तिकीट झाले, त्यामुळे पासष्टीच्या सवलतीचे आपल्याला काही अप्रूप उरले नाही. आमच्या वहीतल्या एक आजी म्हणाल्या, "अगं पोरी, तिकीट माफ केले ते बरे केले. आता ती गाडीची पायरी तेवढी खाली करायला सांग." माझे वय त्रेसष्ट, तरी मी त्यांची पोरीच!

त्या आयुष्मान कार्डाबद्दल एक सांगून ठेवते, कारण पुष्कळ घरांत गैरसमज आहे. हे कार्ड दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे. डॉक्टरांना दाखवून रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या तर त्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. आणि कार्ड आजारी पडल्यावर काढायला धावू नये. ज्यांना सत्तर पुरी झाली आहेत त्यांनी धडधाकट असताना आधारकार्ड घेऊन काढून ठेवावे.

श्रावणबाळ योजनेत 2023 पासून दरमहा 1,500 रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात कोणाचे कुटुंब चालते ते मला कोणी दाखवून द्यावे! ही अट बदलावी यासाठी मंडळाने अर्ज केला पाहिजे असे माझे मत आहे, आणि ते मी कार्यकारिणीतही मांडले आहे.

पण भगिनींनो, वहीची पाने चाळली तर दिसते असे की म्हाताऱ्या बाईचे काम योजनेवाचून फारसे अडत नाही. ते अडते नावावरून. पुरुषाचे नाव बारशापासून तिरडीपर्यंत एक. आपले तसे नाही. माहेरचे नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेले दुसरे, आळीत हाक मारायचे तिसरे, आणि निम्म्या बायका तर अमक्याची आई म्हणूनच म्हाताऱ्या झाल्या. शाळेच्या दाखल्यावर, असलाच तर, माहेरचे नाव. शिधापत्रिकेवर सासरचे. बँकेच्या पुस्तकात कारकुनाने ऐकले ते. आणि आधारकार्डावर ज्या दिवशी ज्याने लिहिले त्याच्या मर्जीचे. जन्मतारीख तर बहुतेकींची 1 जानेवारी!

एक आजी होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. यजमान कारखान्यात होते, त्यांच्यामागे निवृत्तिवेतन चालू होते. एक दिवस ते बंद झाले. आजींनी चार महिने कोणाला सांगितले नाही. दूध बंद केले, मग संध्याकाळचा स्वयंपाक बंद केला. विचारले की म्हणायच्या, "रात्रीचे पचत नाही ग." आमच्यातल्या एकीने सहज पिठाचा डबा उघडून पाहिला म्हणून उलगडा झाला. कारण काय, तर हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा उठत नव्हता. पन्नास वर्षे भांडी घासून रेषा झिजल्या होत्या. खिडकीवरच्या गृहस्थांनी "अंगठा येत नाही, पुढच्या महिन्यात या" म्हणून सांगितले, आणि आजी परत आल्या त्या पुन्हा गेल्याच नाहीत. जिवंत माणसाला जिवंत आहे म्हणून पटवून देता येईना, याची त्यांना लाज वाटली.

अशा वेळी काय करायचे ते सांगते. 2021 पासून अंगठ्याऐवजी चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. चांगल्या मोबाईलवर घरी बसून होतो. ज्यांना ते जमत नाही त्यांच्याकडे पोस्टमन येतो आणि 70 रुपयांत दाखला करून देतो. ही सोय 2020 सालची आहे. कारखान्याच्या भविष्यनिर्वाह निधीतले निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरचीच वाट पाहावी लागत नाही; दाखला वर्षात केव्हाही द्यावा, तो तेथून वर्षभर चालतो. सरकारी निवृत्तिवेतन असेल आणि ऐंशी पुरी झाली असतील तर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्या आजींचे पैसे मागील बाकीसह मिळाले. पण नावात फरक निघाला तो निस्तरायला आम्हाला सात खेपा पडल्या.

वयाच्या पुराव्याचेही तसेच. जन्माचा दाखला नाही म्हणून निराश होऊन परत येऊ नये. श्रावणबाळ योजनेला मतदारयादीतले वय चालते, शिधापत्रिकेवरचे चालते, आणि तेही नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला चालतो. खिडकीवर हे आपणहून सांगतीलच असे नाही. विचारणारी बाई बरोबर असली म्हणजे सांगतात.

आता जरा नाजूक विषय. घर मुलाच्या नावावर करून देण्याचा. राहते घर मुलाला बक्षीस द्यायचे तर आपल्या राज्यात मुद्रांकशुल्क नाममात्र 200 रुपये आहे. काही ठिकाणी स्थानिक अधिभार पडतो तेवढाच. त्यामुळे "आई, स्वस्तात होते आहे, आत्ताच करून टाक" असे म्हणणारे पुष्कळ निघतात. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक मात्र कोणी सांगत नाही. मृत्युपत्र जिवंतपणी हवे तितक्यांदा बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की घर गेले. वहीतल्या एका आजींनी असे घर दिले, आणि वर्षाच्या आत त्यांचे अंथरूण माजघरातून जिन्याखाली आले.

2007 साली केंद्रसरकारने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा केला. त्याच्या तेविसाव्या कलमात असे आहे की सांभाळ करण्याच्या शर्तीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घेता येते. सगळे त्या 'शर्त' शब्दात आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी शर्त होती हे दिसले पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये मध्यप्रदेशातील एका आईला त्याच न्यायालयाने घर परत दिले. तेथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने 'सांभाळीन' म्हणून वेगळा कागद लिहून दिलेला होता. आपल्या आजींच्या कागदात असे एक अक्षर नव्हते. म्हणून मी हात जोडून सांगते, द्यायचेच असेल तर द्या, पण 'देणारीचा तहहयात सांभाळ करण्याच्या शर्तीवर' ही ओळ कागदात आहे की नाही ते सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्या. मुलावर अविश्वास दाखवला असे होत नाही. आपण सोन्याची पावती घेतो ती सोनार चोर आहे म्हणून घेत नाही.

याच कायद्याने पोटगीसारखी रक्कमही मागता येते, महिना 10 हजारांपर्यंत. अर्ज प्रांतसाहेबांपुढे चालतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. फार झाले तर आणखी तीस. वकील लावलाच पाहिजे असे नाही. जबाबदारी मुलावर आहे तशीच मुलीवरही आहे, हे येथे बसलेल्या लेकींनी ऐकून ठेवावे. सुनेवर मात्र कायद्याने नाही. (येथे काही जणींनी टाळ्या वाजवल्या, त्या कोणी ते मी पाहिले आहे!) ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्या बाबतीत, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशाने जायची आहे त्याला सांभाळ करावा लागतो.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. बाईला स्वतः जाणे शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदलेली संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. आपले मंडळ नोंदलेले आहे. ते नोंदणीपत्र चौकट करून भिंतीवर लावले आहे, त्याचा उपयोग केला पाहिजे.

जिन्याखालच्या त्या आजींना आम्ही हे सगळे समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पोटच्या पोराला कचेरीत खेचू?" पुढे आम्हाला बोलता येईना. मग आम्ही तिघीजणी, मुलाचे मामा आणि धाकटी मुलगी अशी घरातच बैठक घेतली. बाहेरची खोली आणि महिना 2,000 रुपये ठरले. खोली मिळाली. पैशांची आठवण दर महिन्याला आमच्यापैकी एकीला करावी लागते, आणि आम्ही ती न कंटाळता करतो.

सुनेचा विषय निघालाच आहे तर तिचीही बाजू मांडू द्या. आमच्या वहीत अकरा घरे अशी आहेत की सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांचे सारे सून करते. कूस बदलणे, कपडे, भरवणे, रात्रीची हाक. त्या सुनांपैकी दोघीजणी स्वतःच साठीला आल्या आहेत. त्यांना तुमच्या शाली नकोत की सत्कार नकोत. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठांचा दिवस म्हणून आपण शाल-श्रीफळ देतो. एका आजींच्या ट्रंकेत अशा पाच शाली आहेत, आणि आपल्या गावी शाल लागण्याइतकी थंडी वर्षातून पंधरा दिवस पडते. या सुनांना हवे आहेत आठवड्यातले दोन तास. कोणीतरी येऊन सासूबाईंपाशी बसावे, म्हणजे ही बँकेत जाऊन येईल, केस धुवील, नाहीतर नुसती माहेरी जाऊन चहा पिऊन येईल. हे आम्ही दोन वर्षांपूर्वी पाच घरांत सुरू केले. पहिल्या दिवशी एक सून दोन तास घेऊन बाहेर पडली आणि देवळाच्या पायरीवर बसून राहिली. कोठे जायचे हेच तिला सुचेना. आता ती भजनाला जाते.

गावोगावी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे निघाली आहेत, चांगली गोष्ट आहे. पण तेथे वर्तमानपत्र वाचणारे बहुतेक पुरुषच असतात. बाया येतात त्या घड्याळाकडे पाहत, कारण नातवाची शाळा सुटायची असते. पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आपल्याला ती तारीख कोणी कळवीतच नाही. म्हणून आपले काम दुपारी दोन ते चार या वेळात, तिच्याच घरी जाऊन करायचे, असे आम्ही ठरवले.

खर्चाचे म्हणाल तर गेल्या वर्षी 6,840 रुपये लागले. त्यांतले 4,200 रिक्षाभाडे, बाकी झेरॉक्स, फोटो आणि प्रतिज्ञापत्रे. कार्यकारिणीपुढे यंदा नवे ध्वनिक्षेपक यंत्र घेण्याचा विचार आहे. जुने यंत्र अजून बोलते आहे, हे तुम्ही आत्ता ऐकताच आहात. ती रक्कम मंगळवारच्या कामाला द्यावी, असा ठराव मी चहापानानंतरच्या सभेत मांडणार आहे. कोणाला विरोध करायचा असेल तर जरूर करावा, पण आधी वही वाचावी.

पैशांपेक्षा माणसे कमी आहेत. आम्ही चौघी होतो, त्यांतल्या एकीचे गुडघे गेले आणि ती आता वहीच्या या बाजूची त्या बाजूला गेली आहे. उरलेल्या सहा घरांतल्या सुनांना दोन तास द्यायचे तर आणखी सहाजणी हव्यात. लिहितावाचता येणे पुरे. मोबाईल हाताळता येत असेल तर फारच उत्तम. आपल्या सुनांना, मुलींना आणा. अडचणीच्या वेळी विचारायला 14567 हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी दूरध्वनी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ चालतो, त्याला पैसे पडत नाहीत. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन आहे. येत्या मंगळवारी एका आजींना घेऊन तहसील कचेरीत जायचे आहे. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आजींना दोन्ही बाजूंनी धरावे लागते. एका बाजूला मी आहे. दुसऱ्या बाजूला कोण येणार, तिने आज घरी जाण्यापूर्वी नाव लिहावे. आम्ही साडेदहाला मारुतीच्या देवळापाशी रिक्षा बोलावली आहे.