एका शब्दाची भर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या आग्रहावरून मी उभी आहे. भाषणाची मला सवय नाही. काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या बचत गटाचा हिशेब आपण संगणकावर ठेवतो. तो प्रोग्रॅम मुक्त आहे. मुक्त म्हणजे नुसता फुकट नव्हे. दुकानातला स्वेटर अंगात घालता येतो, पण त्याची वीण कोणी लिहून देत नाही. मुक्त प्रोग्रॅमबरोबर विणीचा कागदही मिळतो. तो कोणीही वाचावा, आपल्या मापाचा करून घ्यावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा कामाची हाक दिली. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला, आणि पुढे हजारो हातांनी तो वाढवला. अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही तोच गाभा आहे.

हे सारे विद्वानांचे काम, असेच मी समजत होते. पण आपल्या हिशेबाच्या कागदावर 'शिल्लक' हवे तिथे 'संतुलन' असे छापून येई. गटातल्या एक आजी दर महिन्याला कागद घेत, मान डोलावत आणि सही करत. एकदा मी विचारले, "आजी, तुमचे किती उरले?" त्या म्हणाल्या, "तुम्हां शिकलेल्यांना ठाऊक, मी काय सांगू?" मला ते फार लागले. पैसा त्यांच्या कष्टाचा, आणि कागद त्यांनाच परका!

घरी लेकीला सांगितले. ती म्हणाली, "अगं आई, मग तूच कळव की!" तिने मला भाषांतराची जागा उघडून दिली. एका बाजूला इंग्रजी वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी. आपण सुधारणा सुचवायची. जाणकार ती तपासतात. पसंत पडली तर पुढच्या आवृत्तीत येते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण तिथे 'शिल्लक' हवे, एवढे सांगायला ते पुरले.

मी हुरूपाने पुरे वाक्यच नीट केले. मध्ये टक्क्याची खूण आणि एक इंग्रजी अक्षर होते, ते केर समजून काढून टाकले. दोन दिवसांनी निरोप आला: शब्द चांगला आहे, पण खूण गळली, म्हणून घेता येत नाही. ती खूण म्हणजे पानात मांडलेली रिकामी वाटी. यंत्र तिच्यात आकडा वाढते. वाटीच उचलली तर आकडा वाढायचा कुठे?

मी ओशाळले. चार दिवस तिकडे फिरकले नाही. मग मनात आले, आपल्या पापडाच्या वर्गात नव्या मुलीचा पापड जाड झाला, तर आपण तिला घरी पाठवतो का? पुन्हा लाटायला सांगतो. मी खूण जागेवर ठेवून सूचना पुन्हा पाठवली, आणि हिशेबाच्या वहीत बायका 'शिल्लक' म्हणतात, हे कारणही लिहिले. ती मान्य झाली.

नवी आवृत्ती आली त्या महिन्यात आजींनी कागद डोळ्यांजवळ धरला. बोट ठेवून वाचले, आणि म्हणाल्या, "शिल्लक बाराशे पन्नास. म्हणजे नातीच्या फीचे भागले!" मग सही केली.

भगिनींनो, तुम्हांलाही असे काही करावेसे वाटले तर आधी तेच कोणी सुचवले आहे का ते पाहा. एका वेळी एकच दुरुस्ती द्या. कारण लिहा. परत आली तर रागावू नका, पुन्हा पाठवा. परदेशातल्या जाणकाराला प्रोग्रॅम कळतो. पण आपली बाई पैसे मोजताना कोणता शब्द बोलते, ते आपल्यालाच ठाऊक. ते आपण नाही सांगितले, तर कोण सांगणार?