मुका झालेला संगणक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचा संगणक एके सकाळीं मुका झाला. पडदा उजळे, अक्षरें उमटत, पण आवाज म्हणून निघेना. त्यांत माझ्या दिवंगत पत्नीनें म्हटलेल्या ओव्या सांठविलेल्या आहेत. ज्या कॅसेटवरून त्या उतरून घेतल्या ती पुढें बुरशीनें गेली. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यानें सांगितलें, "मास्तर, साऊंड कार्ड गेलें असावें. नाहीं तर हें लिनक्स पुसून दुसरी प्रणाली घालून पाहूं." पुसण्याचा शब्द ऐकतांच मी यंत्र उचलून घरीं आलों.

मी केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य. तथापि पस्तीस वर्षें गणित शिकविलें आहे. उत्तर चुकलें म्हणून कोणी पाटी पुसून टाकीत नाहीं. कोणत्या पायरीवर चुकलें तें शोधतात.

लिनक्समध्यें आवाजाच्याही पायऱ्या आहेत. गाणें वाजविणारा प्रोग्रॅम आपला माल पल्सऑडिओ किंवा अलीकडच्या पाइपवायर या मध्यस्थाच्या हातीं देतो. मध्यस्थ तो आल्साकडे पोंचवितो. आल्सा हा लिनक्सच्या गाभ्याचाच भाग असून २००३ सालच्या २.६ या आवृत्तीपासून तेथें स्थिरावला आहे. तो कार्डाशीं बोलतो, कार्ड आकड्यांचे विद्युत्तरंग करतें, आणि स्पीकर ते आपणांस ऐकवितो.

प्रथम तार पाहिली. हिरवें भोंक स्पीकरचें, गुलाबी मायक्रोफोनचें. ही चूक भल्याभल्यांकडून होते. मग टर्मिनल उघडून 'एप्ले' हा शब्द, जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून लहान 'एल' असें टंकिलें. गाभ्याला दिसणाऱ्या कार्डांची यादी आली. यादी रिकामी असती तर ड्रायव्हरकडे वा बायॉसकडे वळावें लागलें असतें. पण तींत दोन नांवें होतीं: एक मदरबोर्डवरील कार्डाचें, दुसरें एचडीएमआयचें, म्हणजे पडद्याच्या तारेंतून आवाज नेणाऱ्या मार्गाचें. कार्ड गेलें हें निदान तेथेंच डळमळलें.

पुढें 'आल्सामिक्सर' उघडला. त्यांत उभ्या पट्ट्या असतात. पट्टीखालीं दोन 'एम' दिसले तर तो मार्ग मुका समजावा. 'एम' कळ दाबली कीं तो मोकळा होतो, आणि 'एफ सहा' या कळीनें कार्ड बदलतां येतें. 'ऑटो म्यूट' चालू असेल तर हेडफोन लावलेला आहे अशा समजुतीनें स्पीकर बंद राहतो, तेंही पाहावें. माझ्या यंत्रांत येथें सर्व कांहीं ठीक होतें.

राहिला मध्यस्थ. ध्वनीच्या सेटिंगांत गेलों, तों आवाज पाठविण्याचें स्थान म्हणून एचडीएमआय निवडलेलें! त्याच आठवड्यांत पुतण्यानें नवा पडदा जोडून दिला होता. त्या पडद्याला स्पीकरच नाहीं. आवाज निमूटपणें तिकडे जात होता. निवड बदलली, आणि संगणक बोलूं लागला.

त्या संध्याकाळीं प्रथम ओव्यांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर करून ठेविली, आणि मग त्या ऐकल्या.