बालपरिचर्या : एक विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भाईंदर येथे केलेले भाषण)



सुमारे तीस वर्षांपूर्वी, येथील मिठागरांच्या कडेला राहणारे एक ज्ञातिबंधू माझ्याकडे सल्ला विचारण्यास आले. "गुरुजी, मुलगी नर्सिंगला जाते म्हणते. पाठवू काय?" मी म्हणालो, "रोग्यांची घाण उपसण्यासाठी का तिला शिकविलीत?" मुलगी हुशार होती, ती घरी बसली. त्या उत्तराची मला आज लाज वाटते, व ती चारचौघांत सांगावी म्हणूनच हा विषय मी निवडला आहे.

परिचारिका म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले निमूटपणे करणारी बाई, अशी आपली समजूत असते. माझी भाची सध्या हे शिक्षण घेत आहे. केवळ बालकांच्या परिचर्येस वाहिलेली शास्त्रीय नियतकालिके आहेत आणि त्यांत परिचारिकाच आपले संशोधन लिहितात, हे मला तिच्याकडून कळले. भारतातील परिचारिकांच्या संघटनेचे मुखपत्र तर १९१० सालीच सुरू झाले होते!

त्यांतील एका लेखाची हकीकत तिने समजावून सांगितली. (माझे मॅट्रिकचे इंग्रजी तेथे पुरे पडले नाही, हे कबूल करतो.) तीन-चार वर्षांच्या मुलास 'किती दुखते?' असे विचारले तर ते रडते, अथवा सुईच्या भयाने 'काही नाही' म्हणते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील डोना वाँग या परिचारिकेने व त्यांच्या सहकारी कॉनी बेकर यांनी हसऱ्या चेहऱ्यापासून अश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. मुलाने केवळ बोट ठेवावयाचे. ही पट्टी इतर मापांशी ताडून पाहून त्यांनी १९८८ साली 'पेडिॲट्रिक नर्सिंग' या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि आज ते चेहरे देशोदेशींच्या रुग्णालयांत वापरले जातात. उभा जन्म मुलांत घालविलेल्या मला मात्र अशी साधी युक्ती कधी सुचली नाही.

दूर कशाला जावे? आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या खेड्यांतील स्त्रियांना नवजात अर्भकांची निगा शिकविली. अर्भकाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, मिनिटाचे श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट' या विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकाने ही हकीकत १९९९ साली छापली. डॉक्टर रोज दारी येत नव्हते. शिकलेली नजर मात्र घरोघर पोहोचली.

१९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापून रमाबाई रानडे यांनी घरंदाज स्त्रियांना, विधवांनाही, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. त्यांनाही लोकांनी नावे ठेवलीच. त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी स्थळे पाहताना 'मुलगी नर्स आहे' हे वाक्य आपल्यात अजून हळू आवाजात उच्चारले जाते. मी स्वतः ऐकले आहे.

आपले मंडळ दरवर्षी डॉक्टर, इंजिनिअर व वकील झालेल्या मुलामुलींचा सत्कार करते. त्या यादीत परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्यांस स्थान नाही. कार्यकारिणीने ते यंदा द्यावे, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पारितोषिकाची रक्कम मी आजच चिटणिसांकडे सुपूर्द केली असून, त्यास माझे नाव देऊ नये.