अ‍ॅक्रनचा फ्रिट्झ पोलार्ड

अमेरिकन फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू काखेत घट्ट धरून धावायचं आणि समोरच्यांनी धावणाऱ्याला आडवं करायचं. फ्रिट्झ पोलार्डच्या बाबतीत काहींचा खेळ तो आडवा झाल्यावर सुरू व्हायचा. तो कृष्णवर्णीय होता. मातीत पडलेल्या त्याच्या अंगावर उड्या घ्यायची संधी कोण सोडणार! म्हणून पडताक्षणी उताणं व्हायचं आणि खिळ्यांचे बूट वर करून पाय झाडायचे, ही युक्ती त्यानं अंगी बाणवली. उडी घेणाऱ्यालाच मग प्रसाद मिळे.

जन्म 1894 चा, शिकागोचा. उंची पावणेसहा फूट, म्हणजे या धिप्पाडांच्या खेळात बुटकाच. पण पळता पळता दिशा अशी बदलायचा, की पकडणाऱ्याच्या हाती वारा. ब्राउन विद्यापीठाकडून 1 जानेवारी 1916 ला तो रोझ बोल या महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात उतरला. तिथं खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. चिखलात सामना झाला, ब्राउन हरलं.

मग व्यावसायिक फुटबॉल खेळायला ओहायोतलं अ‍ॅक्रन, टायरच्या कारखान्यांचं गाव. दक्षिणेकडून आलेले गोरे कामगार तिथं पुष्कळ, आणि त्यांची मतंही त्यांच्यासोबत आलेली. घरच्याच मैदानावर पोलार्डला शिव्या खाव्या लागत. कपडे बदलायचे ते संघमालकाच्या सिगारच्या दुकानात, आणि तिथून मोटारीनं थेट मैदानावर. पण 1920 साली, आजच्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पहिल्याच हंगामात, अ‍ॅक्रन एकही सामना न हरता विजेतं ठरलं. पुढच्या वर्षी एल्गी टोबिनच्या जोडीनं प्रशिक्षकपद पोलार्डकडे आलं. म्हणजे ज्याच्याबरोबर एका खोलीत कपडे बदलायला नको, त्यानं आखलेल्या डावांवर मात्र सगळे खेळायला तयार! गायक म्हणून पुढं जगभर गाजलेला पॉल रॉबसनही त्या वर्षी अ‍ॅक्रनकडून खेळला.

1934 पासून 1945 पर्यंत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसत नाही. त्या काळात पोलार्डनं न्यूयॉर्कमध्ये ‘ब्राउन बाँबर्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ घडवला. पोलार्डनंतर एनएफएलला दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळाला 1989 साली, आर्ट शेल. त्याच्या तीनच वर्षं आधी पोलार्ड वारला होता.

फुटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणारं कँटनचं हॉल ऑफ फेम 1963 साली उघडलं, तेव्हा मात्र तो चांगला हयात होता. त्याचं नाव तिथं लागलं 2005 साली. याला उशीर म्हणायची पद्धत आहे. मी टाळाटाळ म्हणतो.