परभाषा आधी, परदेश नंतर
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बाबासाहेब १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात दाखल झाले. त्यासाठीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने, जर्मन भाषेत लिहिला होता. म्हणजे भाषा त्यांनी आधीच शिकून घेतली होती. हे आपण विसरतो.

आपली कॉलेजातील मुले विचारतात, स्पेनमध्ये एखाद्या कुटुंबात राहून स्पॅनिश शिकणे आम्हाला जमेल काय? १२१८ साली स्थापन झालेले सालामांका विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. उठता-बसता तीच भाषा कानावर पडते, जीभ लवकर वळते. पण खर्च मोठा! आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी आहे, चार आठवड्यांच्या भाषावर्गासाठी नव्हे.

म्हणून सुरुवात पुण्यात करा. रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात. भिऊ नका. ही भाषा इंग्रजीसारखी स्पेलिंगने छळत नाही; बहुतेक लिहिले तसेच वाचायचे. ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांवर. नामांना लिंगे दोनच. आपण तर तीन सांभाळतो! वेल्ह्याच्या ज्या बोलीला शहरात हसतात, तिच्यावर पोसलेली जीभ इथे कामी येते.

भोरहून एस.टी.ने रोजची ये-जा जड जाईल, हे खरे. पुण्यात कॉलेजसाठी राहाल त्याच वर्षांत हा वर्ग जोडून घ्या. फीसाठी कोणाचे अडत असेल तर संस्थेने निधी काढावा. माझी वर्गणी मी आजच खजिनदारांकडे देत आहे.

जयभीम!