नववीच्या वहीत काय आहे, आईला माहीत हवं



संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या तव्यावर भाकरी असेल, कुणी आत्ताच धार काढून घरात आली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. एरवी मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलते. आज बोलायचं आहे ते आपल्या घरातल्या नववीतल्या मुलांबद्दल. ती शाळेत काय शिकतात, हे आपल्याला कितपत ठाऊक असतं, त्याबद्दल.

आधी माझीच गोष्ट सांगते. वीस वर्षं होऊन गेली. मी नववीत होते. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला पंधरा दिवस घरी राहिले आणि परत गेले तेव्हा बीजगणित फार पुढे गेलं होतं. फळ्यावरचं काही म्हणजे काही कळेना. सरांना विचारायची लाज वाटायची. आई रोज रात्री विचारायची, "अभ्यास केला का गं?" मी म्हणायची, "हो." तिचा प्रश्न तिथे संपायचा, माझं उत्तरही तिथेच संपायचं. प्रगतीपुस्तकावर तिने अंगठा दिला, पण त्यात काय लिहिलं आहे ते तिला वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही. एप्रिलच्या शेवटी निकाल लागला, मी नापास. दादा म्हणाले, "आता पुरे झालं." आई गप्प बसली. तिच्याकडे बोलायला काही नव्हतंच, कारण तिला काही माहीतच नव्हतं.

पुढे लग्न झालं, मुलं झाली. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, बारावी केली आणि मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाले. पण मधली नऊ वर्षं गेली ती गेली. आईचा राग मी कधी केला नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, नववीचंच एवढं काय? तर बघा. आपल्याकडे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंत असते. तोपर्यंत मास्तर गावातले, शाळा घराशेजारी. पाणी भरायला गेलं तरी बाई भेटतात आणि सांगतात, "तुमचा पोरगा आज शाळेत नव्हता." आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून मिळतात, पोषण आहार असतो. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही चौदा वर्षांपर्यंतच आहे. नववीला मूल दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जातं. पुस्तकं विकत, जेवणाचा डबा घरून, शिक्षक अनोळखी, एसटीचं वेळापत्रक सांभाळायचं. आणि अभ्यास एकदम अवघड. गणिताचे दोन भाग, बीजगणित वेगळं, भूमिती वेगळी. विज्ञानात गतीचे नियम, धाराविद्युत, आनुवंशिकता. म्हणजे ज्या वर्षी मुलाला सगळ्यात जास्त आधार लागतो, त्याच वर्षी शाळा आपल्यापासून लांब जाते.

आणि दहावीचा पाया नववीतच असतो. दहावीला बोर्ड म्हणून सगळे जागे होतात, क्लास लावतात, उपास धरतात. पण नववीचं बीजगणित कच्चं राहिलं तर दहावीला क्लासवाला तरी काय करणार?

मागच्या वर्षी आमच्या गावातल्या तीन गटांत मिळून नववीतली अकरा मुलं होती. सात मुली, चार मुलगे. जूनच्या बैठकीत मी विचारलं, "आपल्या मुलांचा आत्ता कुठला धडा चालू आहे, कुणाला माहीत आहे?" सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, मी चौथी शिकलेली. मला धडा कळणार आहे का?" मी म्हटलं, "काकू, तुम्हाला शिकवायचं नाही. फक्त विचारायचं आहे."

मग आम्ही ठरवलं. महिन्याच्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या की शेवटची वीस मिनिटं नववीची. मुलांनी वह्या घेऊन यायचं आणि या महिन्यात काय शिकलो ते आईला कळेल अशा भाषेत सांगायचं. पुस्तकातलं वाचून नाही, आपल्या शब्दांत.

पहिल्या वेळी मुलं लाजली. दुसऱ्या वेळी एका मुलीने आम्ल आणि आम्लारी सांगितलं. ती म्हणाली, "हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, ते साबणात आम्लारी असतं म्हणून." चौथी शिकलेल्या काकू म्हणाल्या, "आणि लिंबू पिळलं की परत पिवळा होतो. हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे!" सगळ्या हसल्या, पण त्या दिवसापासून काकू शाळेच्या अभ्यासाला घाबरेनाशा झाल्या.

गणितात अर्थनियोजन नावाचं एक प्रकरण आहे. बचत, गुंतवणूक, कर असा विषय. त्यावरून बोलणं निघालं आणि एका मुलाने आमच्या गटाचंच कर्ज घेतलं हिशोबाला. पाच हजार रुपये, दरमहा शेकडा दोन, दहा महिन्यांत पाचशे-पाचशे करून फेड. आपण उरलेल्या मुद्दलावर व्याज घेतो, म्हणजे पहिल्या महिन्याला शंभर, मग नव्वद, मग ऐंशी. एकूण व्याज साडेपाचशे. तोच दर पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण पाच हजारांवर लावलं तर होतात हजार. साडेचारशे रुपयांचा फरक! आमच्या दोन बायांनी बाहेरून दारावर येणाऱ्यांकडून कर्ज घेतलं होतं. त्या घरी जाऊन आपलं कार्ड घेऊन आल्या आणि त्या पोराला म्हणाल्या, "बाळा, हे पण बघ."

मैत्रिणींनो, इथपर्यंत सगळं गोड आहे. आता खरी गोष्ट.

ऑगस्टच्या बैठकीत एक मुलगी भूमिती सांगत होती. तिला विचारलं, "आणि बीजगणित?" ती गप्प. दुसरीला विचारलं, तीही गप्प. वह्या उघडल्या. सगळ्या वह्या एकाच ठिकाणी थांबलेल्या, वास्तव संख्यांच्या चौथ्या पानावर. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. मुलं म्हणाली, "सर बदलून गेले. त्या तासाला आम्ही बसून असतो." दीड महिना! अकरा घरांतल्या एकाही आईला, एकाही बापाला याचा पत्ता नव्हता. मुलं रोज युनिफॉर्म घालून जात होती, परत येत होती. आपण विचारत होतो, "अभ्यास केला का?" आणि ती म्हणत होती, "हो."

आम्ही सहा जणी शाळेत गेलो. जाताना ठरवून गेलो होतो की भांडायचं नाही. वह्या बरोबर घेतल्या होत्या. मुख्याध्यापकांसमोर त्या ठेवल्या आणि म्हटलं, "सर, आम्ही विचारायला आलोय. हे पान पुढे कधी जाणार?" त्यांनीही खरं सांगितलं. पद रिकामं आहे, वर मागणी केली आहे, माणूस कधी मिळेल ते त्यांच्या हातात नाही. पण वह्या बघितल्यावर त्यांनी वेळापत्रक काढलं. विज्ञानाच्या सरांनी आठवड्याला तीन तास बीजगणिताचे घ्यायचे ठरलं. आमच्याच गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना आम्ही विनंती केली. ते रविवारी सकाळी समाजमंदिरात बसायला लागले. वेचणीच्या दिवसांत मुलांना रविवारी सकाळी रानात न्यायचं नाही, हेही गटात ठराव करून लिहिलं. सगळ्यांनी पाळलं असं नाही म्हणणार मी, पण बहुतेकींनी पाळलं.

एप्रिलमध्ये निकाल लागला. अकरापैकी दहा मुलं दहावीत गेली. एक मुलगी गणितात राहिली. तिचे वडील म्हणाले, "बसव घरी, स्थळ बघू." माझ्या दादांचेच शब्द जणू. पण तिची आई गप्प बसली नाही. ती म्हणाली, "दीड महिना शाळेत मास्तर नव्हता आणि पंधरा दिवस आपण तिला रानात ठेवली. त्यात पोरीची काय चूक? ती परत नववीला बसेल." मुलगी आज नववीत आहे. मागच्या महिन्यात तिने बैठकीत बहुपदी समजावून सांगितली. आम्हाला फारसं कळलं नाही, पण तिला कळलं आहे एवढं कळलं.

तर मैत्रिणींनो, आपण काय करायचं? चारच गोष्टी सांगते.

एक. "अभ्यास केला का?" हे विचारणं सोडा. त्याऐवजी म्हणा, "आज काय शिकवलं ते मला सांग." सांगता आलं तर समजलं. अडखळलं तर रागवू नका, कुठे अडलं ते विचारा.

दोन. आठवड्यातून एकदा सगळ्या वह्या बघा. वाचता येत नसेल तरी चालेल. तारीख बघा, पान पुढे गेलं का बघा, सरांची लाल सही आहे का बघा. भाषा, गणित, विज्ञान या विषयांत शंभरातले वीस गुण लेखी परीक्षेबाहेरच्या कामाचे असतात. गृहपाठ, प्रयोगवही, तोंडी. ते वह्यांतूनच दिसतं.

तीन. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, पण फोन असतो घरच्या पुरुषांकडे. आलेला निरोप जेवताना वाचून दाखवायचा, असा घरात नियम करा. पुस्तक फाटलं, हरवलं तर अडून बसू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट मिळतात.

चार. पालक सभेला जा. एकटीला भीती वाटत असेल तर दोघी-तिघी मिळून जा. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो, त्यात आपल्या गटातली एक तरी बाई असू द्या. आणि सरांना "माझं पोरगं कसं आहे?" एवढंच विचारू नका. "आत्ता कुठला धडा चालू आहे आणि दिवाळीपर्यंत कुठे जाणार?" असं विचारा. चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतोच.

माझी आई आता सत्तरीला आली आहे. माझा मुलगा यंदा नववीत आहे. परवा मी पाहिलं, ती त्याला समोर बसवून विचारत होती, "काय रे, आज बीजगणितात काय झालं?" तो सांगत होता आणि ती मान हलवत होती.

तुमच्याही गटात पुढच्या बैठकीला एवढं करून बघा. वह्या मागवा. आणि काय सापडलं ते आपल्या केंद्राला जरूर कळवा.